दोन्ही बाजूंनी सारखे : ध्वजावरचे चक्र आणि स्क्रीन छपाईची कहाणी

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि आपल्या मराठवाड्यात १७ सप्टेंबर. वर्षातून या चार दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीतले कपाट उघडते, घडी घातलेला राष्ट्रध्वज बाहेर येतो, दोरीला बांधला जातो आणि सकाळच्या वाऱ्यावर उलगडतो. मैदानाच्या एका अंगाला पाचवीचा वर्ग उभा असतो, समोरच्या अंगाला दहावीचा. वारा कोणत्याही दिशेने वाहो, दोन्हीकडच्या मुलांना पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यावर तेच निळे चक्र दिसते. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तीत विचारण्यासारखे काही आहे असे वाटत नाही.

पण समजा, एखाद्या चौकस मुलीने विचारलेच, “सर, चक्र एकाच बाजूने छापतात की दोन्ही बाजूंनी? आणि दोन्ही बाजूंनी छापत असतील, तर ते एकमेकांवर तंतोतंत कसे बसते?” या प्रश्नाचे उत्तर देताना इतिहास, भूमिती, रसायनशास्त्र आणि हस्तकला या चारही विषयांची दारे ठोठवावी लागतात. आणि उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. ते लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला आणि नांदेड शहरात सापडते.

उदगीरचे कापड, नांदेडची छपाई

खादीचा प्रमाणित राष्ट्रध्वज तयार करणारी केंद्रे देशात मोजकीच आहेत. कर्नाटकात हुबळीजवळच्या बेंगेरी येथील संघ त्यांपैकी एक, आणि नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती दुसरी. नांदेडच्या ध्वजाचे कापड उदगीरच्या केंद्रात हातमागावर विणले जाते. रंगाईसाठी ते परगावी पाठवले जाते. रंगून आलेले कापड नांदेडला मापाने कापतात, पांढऱ्या पट्ट्यावर अशोकचक्र छापतात, तीन पट्टे शिवून एकत्र करतात आणि दोरी बसवतात. असे ध्वज महाराष्ट्रात आणि इतर राज्यांतही जातात.

यातला चक्र छापण्याचा टप्पा हा आपल्या लेखाचा विषय. ध्वजसंहितेत म्हटले आहे की चक्र शक्यतो स्क्रीन छपाईने, अथवा अन्य छपाईने, स्टेन्सिलने किंवा योग्य अशा भरतकामाने काढावे, आणि ते ध्वजाच्या दोन्ही बाजूंनी पूर्णपणे दिसावे. म्हणजे स्क्रीन छपाईला पहिली पसंती आहे. लग्नपत्रिका, दुकानाच्या पिशव्या, खेळाडूंचे बनियन यांवर जी छपाई आपल्या गावातला कारागीर एका लहानशा खोलीत करतो, तीच ही पद्धत.

ज्या मुलखात ध्वजाला बंदी होती

ध्वजाचे कापड याच भागात विणले जावे याला एक वेगळाच अर्थ आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत आणि मुंबईत तिरंगा फडकला, तेव्हा नांदेड आणि उदगीर स्वतंत्र भारतात नव्हते. दोन्ही गावे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. उदगीर तर तेव्हा बीदर जिल्ह्यात मोडत असे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर त्यात गेले.

हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या मागणीचा दिवस म्हणून पाळला. संस्थानात तिरंगा लावण्यास बंदी होती. ती मोडून ध्वज लावणे हाच सत्याग्रह ठरला. स्वामी रामानंद तीर्थ यांना १५ ऑगस्टलाच अटक झाली. पुढे १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. म्हणून आपल्याकडे ध्वजवंदनाचा चौथा दिवस आहे.

तेरा महिन्यांपूर्वी जे कापड हातात धरणे हा गुन्हा होता, ते आता उघड्यावर फडकत होते. त्याच मुलखातल्या मागांवर पुढे देशासाठी ध्वजाचे कापड निघू लागले. सातवी-आठवीच्या वर्गात मराठवाडा मुक्तिसंग्राम शिकवताना ही जोड अवश्य सांगावी. मुलांना इतिहासाचा धागा प्रत्यक्ष हाताला लागतो.

चरखा का गेला?

१९२१च्या सुमारास राष्ट्रीय चळवळीत आलेल्या ध्वजावर मोठा चरखा होता. १९२३ साली नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला तो त्याच ध्वजासाठी. १९३१ साली काँग्रेसने केशरी, पांढरा आणि हिरवा असे पट्टे ठरवले, तेव्हाही मधल्या पट्ट्यावर चरखा राहिला.

जून १९४७ मध्ये घटना समितीने राष्ट्रध्वजासाठी एक समिती नेमली. डॉ. राजेंद्र प्रसाद तिचे अध्यक्ष होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मौलाना आझाद, सरोजिनी नायडू आदी सदस्य होते. २२ जुलै १९४७ रोजी पंडित नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला आणि तो संमत झाला. चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र आले. या बदलामागे चक्राचा प्राचीन अर्थ होता, हे आपण शिकवतो. गांधीजींना चरखा गेल्याचे दुःख झाले होते, हेही काही जणांना ठाऊक असते. पण नेहरूंनी त्या दिवशी भाषणात आणखी एक साधे, व्यवहारी कारण दिले होते. ते मात्र क्वचितच सांगितले जाते.

ध्वज दोन्ही बाजूंनी पाहिला जातो, म्हणून त्यावरचे चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखे दिसायला हवे. आता चरख्याचा विचार करा. त्याच्या एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला चाती. समजा, चाक काठीच्या बाजूला आहे. तेच चित्र कापडातून आरपार उमटले, तर मागून पाहणाऱ्याला चरखा आरशातल्यासारखा उलटा दिसेल. मागच्या बाजूला तो सुलटा छापायचा म्हटले, तर चाक काठीपासून दूर, ध्वजाच्या मोकळ्या टोकाकडे जाईल. दोन्हींपैकी एक अडचण पत्करावीच लागते. नेहरूंनी हीच अडचण सभागृहापुढे मांडली.

भूमितीच्या भाषेत सांगायचे तर चरख्याला उभ्या अक्षाभोवती परावर्तन सममिती नाही, चक्राला आहे. २४ आऱ्यांचे चक्र आरशात पाहिले तरी तेच दिसते. शिवाय ते १५ अंशांनी फिरवले तरी पुन्हा पहिल्यासारखेच दिसते, कारण ३६० भागिले २४ म्हणजे १५. चक्र ध्वजाच्या बरोबर मध्यावर असल्यामुळे काठीची बाजू आणि मोकळी बाजू असा भेदही उरत नाही. सममिती हा धडा पुस्तकात फुलपाखराच्या चित्राने सुरू होतो. तो राष्ट्रध्वजाने सुरू करायलाही हरकत नसावी.

रांगोळीच्या छापापासून रेशमी जाळीपर्यंत

आता छपाईकडे वळू. दारात रांगोळीचे छाप वापरणारी घरे आपण पाहतो. भोके पाडलेल्या डब्यातून किंवा चाळणीतून रांगोळी खाली पडते आणि नक्षी उमटते. जिथे भोक आहे तिथे रंग, जिथे नाही तिथे कोरी जागा. धान्याच्या पोत्यावर किंवा कापसाच्या गाठीवर व्यापाऱ्याचे नाव रंगवायचा पत्र्याचा साचा याच तत्त्वावर चालतो.

पत्र्याच्या साच्याला एक मोठी अडचण असते. ‘व’ हे अक्षर पत्र्यातून कापून काढा. अक्षराच्या पोटातला गोल तुकडाही गळून पडतो, कारण त्याला धरून ठेवणारे काही उरत नाही. म्हणून साचे करणारे मध्ये बारीक पूल ठेवतात आणि पोत्यावरची अक्षरे तुटक दिसतात. आता चक्राकडे पाहा. बाहेरची कड, मध्यभागचा तुंबा आणि त्यांना जोडणारे २४ आरे. दोन आऱ्यांमधली प्रत्येक कोरी जागा म्हणजे चारही बाजूंनी वेढलेले एक बेट. अशी २४ बेटे एकाच साच्यात. पत्र्यातून चक्र कापायला गेलो, तर पूल ठेवल्यावाचून २४ तुकडे जमिनीवर पडतील.

जपानी कारागिरांनी यावर फार पूर्वी एक उपाय काढला होता. कागदाच्या नाजूक साच्यातली बेटे ते रेशमाच्या बारीक धाग्यांनी बांधून ठेवीत. धागे इतके तलम की रंग त्यांच्या खालून एकत्र येई आणि छापात धाग्याची खूण राहत नसे. मग धाग्यांऐवजी सबंध रेशमी जाळीच का ताणू नये? १९०७ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी रेशमी जाळीतून छपाई करण्याचे पेटंट घेतले. जाळी चौकटीवर ताणायची, नको त्या जागेची छिद्रे बुजवायची आणि उरलेल्या छिद्रांतून रंग खाली दाबायचा. बेटांना आता पूल नको. जाळीच त्यांना धरून ठेवते. यासाठी लागणारी रेशमी जाळी बाजारात तयारच होती, कारण पीठ चाळण्यासाठी ती युरोपातल्या गिरण्यांत वापरली जाई. आज रेशमाऐवजी नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची जाळी वापरतात.

प्रकाशाने कोरलेला साचा

जाळीची छिद्रे नेमकी कुठे बुजवायची? हाताने लाख किंवा सरस लावूनही हे करता येते, पण २४ आरे एकसारखे येणे कठीण. इथे रसायनशास्त्र मदतीला आले. १८३९ साली स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यांनी दाखवले की पोटॅशियम डायक्रोमेट लावलेला कागद उन्हात बदलतो. १८५२ साली टॅलबट यांना आढळले की डायक्रोमेट मिसळलेले जिलेटिन प्रकाश पडल्यावर पाण्यात विरघळेनासे होते. या दोन निरीक्षणांतून पुढे कित्येक छपाईतंत्रे निघाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतल्या छपाईवाल्यांनी तेच तत्त्व जाळीला लावले.

कृती अशी. जाळीवर अंधाऱ्या खोलीत प्रकाशसंवेदी लेप देतात. लेप वाळल्यावर त्यावर पारदर्शक कागदावर काळ्या शाईने काढलेले चक्र ठेवतात आणि वरून प्रकाश सोडतात. जिथे प्रकाश पडतो तिथला लेप घट्ट होतो. काळ्या रेषांखालचा लेप मऊच राहतो आणि पाण्याने धुतल्यावर निघून जातो. जाळीत चक्राच्या आकाराची वाट मोकळी होते. हल्ली डायक्रोमेटऐवजी डायझो जातीची संयुगे वापरतात, कारण क्रोमियमची ही संयुगे विषारी आहेत. शाळेत प्रयोग करताना डायक्रोमेट वापरू नये.

इतके झाले की एकाच चौकटीतून शेकडो चक्रे निघू शकतात, आणि सगळी सारखी.

खादीवर चक्र उमटवताना

सारखी निघू शकतात असे म्हटले, कारण कागद आणि खादी यांत फरक आहे. गिरणीचे सूत एकसारख्या जाडीचे असते. हातसुताचा धागा पेळूतून निघताना कुठे जाड, कुठे बारीक होतो. त्यावर तंतूंची लव असते आणि तो रंग पटकन शोषतो. रंग पातळ असेल तर केशाकर्षणाने तो धाग्याधाग्यातून पसरतो आणि आऱ्याची कड फुटते. फार घट्ट असेल तर जाळीतून खालीच उतरत नाही. म्हणून कापडावर छापायच्या रंगात डिंकासारखे पदार्थ मिसळून लापशी करतात. तिचा एक गुण पाहण्यासारखा आहे. रबरी पट्टीने दाबून ओढताना ती पातळ होते आणि जाळीतून उतरते. पट्टी पुढे गेली की पुन्हा घट्ट होते आणि जिथल्या तिथे थांबते. ही पट्टी, जिला छपाईवाले स्क्वीजी म्हणतात, किती कोनात धरायची आणि किती जोर द्यायचा हे पुस्तकात वाचून येत नाही. ते हाताला कळावे लागते.

एका बाजूने छापलेला रंग दुसऱ्या बाजूला थोडासा दिसतो, पण फिकट आणि डागाळलेला. म्हणून कापड उलटून दुसऱ्या बाजूनेही छापतात. खरी परीक्षा इथे असते. दुसरे चक्र पहिल्याच्या पाठीवर बरोबर बसायला हवे. केंद्र जरा सरकले, तर ध्वज उजेडात धरल्यावर दुहेरी कड दिसते. केंद्र बरोबर असून चक्र थोडे फिरले, तर एका बाजूचे आरे दुसऱ्या बाजूच्या आऱ्यांमधल्या जागेत डोकावतात. सर्वांत वाईट चूक साडेसात अंशांची, कारण तेव्हा आरा बरोबर दोन आऱ्यांच्या मधोमध येतो. १८५ मिलिमीटर व्यासाच्या चक्रात साडेसात अंश म्हणजे कडेवर सुमारे १२ मिलिमीटर. सेंटिमीटरभराच्या चुकीने चक्राचे जाळे होऊन जाते. चक्र सममित असल्यामुळे दोन्ही बाजूंना एकच चौकट चालते हे खरे. पण ती बसवण्याचे काम सममिती करीत नाही, माणूस करतो.

ही मापे कुठून आली? १९४७च्या जानेवारीत भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि तिने क्रमांक एक दिला तो राष्ट्रध्वजाच्या मानकाला. आय.एस. १ हे मानक १९५१ साली आले. १९६४ साली ते मेट्रिक मापांत बसवले गेले आणि १९६८ साली पुन्हा सुधारले गेले. ध्वजाच्या लांबीरुंदीचे प्रमाण ३:२ आणि आकार नऊ. सर्वांत मोठा ६३०० × ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान, टेबलावर ठेवायचा, १५० × १०० मिलिमीटर. मोठ्याचे क्षेत्रफळ लहानाच्या १७६४ पट, म्हणजे ४२चा वर्ग.

चक्राचे व्यास पाहिले की एक गंमत दिसते. ६३०० × ४२०० मापाच्या ध्वजात पांढरा पट्टा १४०० मिलिमीटरचा आणि चक्र १२९५चे. गुणोत्तर ०.९२५. ९०० × ६०० मापाच्या ध्वजात पट्टा २००चा, चक्र १८५चे. पुन्हा ०.९२५. पण ४५० × ३०० मापात पट्टा १००चा आणि चक्र ९०चे, म्हणजे ०.९. मोटारीवर लावायच्या २२५ × १५० मापात ५०च्या पट्ट्यावर ४०चे चक्र, म्हणजे ०.८. सर्वांत लहान ध्वजात तर व्यास फक्त २५ मिलिमीटर, गुणोत्तर ०.७५. चक्राचा परीघ काढून २४ने भागले, तर सर्वांत मोठ्या ध्वजात दोन आऱ्यांच्या टोकांमधले अंतर सुमारे १७० मिलिमीटर येते आणि सर्वांत लहान ध्वजात सव्वातीन. सव्वातीन मिलिमीटरमध्ये आराही बसवायचा आणि कोरी जागाही राखायची. वहीच्या पानावर काढून पाहा, म्हणजे छापणाऱ्याच्या हाताची कल्पना येईल.

मानकात रंगही आकड्यांत सांगितले आहेत. १९३१ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय रंगमापन पद्धतीने केशरी, पांढरा आणि हिरवा यांचे स्थान दिले आहे. तेजस्विता केशरीची २१.५, पांढऱ्याची ७२.६ आणि हिरव्याची ८.९ टक्के. म्हणजे पांढरासुद्धा कसाही चालत नाही. धुतल्यावर आणि उन्हात रंग किती टिकतो हेही तपासले जाते.

७/५० म्हणजे काय?

स्क्रीन छपाईचा दुसरा मोठा प्रवास कलेच्या आणि चळवळीच्या अंगाने झाला. १९३०च्या दशकात अमेरिकेत मंदी होती. सरकारने बेकार कलावंतांना काम देण्यासाठी योजना काढल्या. न्यूयॉर्कच्या भित्तिपत्रक विभागात अँथनी व्हेलोनिस यांनी स्क्रीन छपाई रुजवली. आरोग्य, घरबांधणी, शिक्षण अशा विषयांवरची रंगीत पत्रके स्वस्तात निघू लागली. पुढे कलावंतांनी स्वतःची चित्रेही याच पद्धतीने छापली आणि तिला ‘सेरिग्राफ’ असे नाव मिळाले. लॅटिनमधला रेशमाचा शब्द आणि ग्रीकमधला लिहिण्याचा शब्द जोडून ते बनवले होते.

मे १९६८ मध्ये पॅरिसच्या कलाविद्यालयाचा ताबा विद्यार्थ्यांनी घेतला. संपावर गेलेल्या कामगारांच्या बाजूने त्यांना भित्तिपत्रके काढायची होती. आधी शिळाछापाचा प्रयोग झाला, पण तो फार सावकाश चाले. मग स्क्रीन छपाई आली आणि रात्रीत शेकडो पत्रके भिंतींवर जाऊ लागली. त्यांवर चित्रकाराची सही नसे. ती विकायची नाहीत, संग्रहात ठेवायची नाहीत, असा त्या गटाचा आग्रह होता.

याउलट चित्रदालनात टांगलेल्या हातछपाईच्या चित्राखाली पेन्सिलीने ‘७/५०’ असे लिहिलेले आढळते. हा अपूर्णांक नव्हे. एकूण पन्नास प्रती काढल्या आणि त्यांतली ही सातवी, एवढाच त्याचा अर्थ. खाली चित्रकाराची सही. पन्नास झाल्या की जाळी धुऊन टाकायची. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राच्या प्रती मर्यादित असण्याला भौतिक कारण असते, कारण दाबाखाली रेषा झिजतात आणि पुढच्या प्रती फिकट येतात. स्क्रीनची जाळी मात्र इतक्या लवकर झिजत नाही. तिथे पन्नासावर थांबणे हा कलावंताचा निर्णय असतो.

नांदेडच्या चक्राला या दोन्ही उदाहरणांशेजारी ठेवून पाहा. तेही हातानेच छापले जाते, एकेक करून. त्याची संख्याही मर्यादितच असते; पण ती कोणी ठरवली म्हणून नव्हे. सूत कातणारा हात, माग चालवणारा हात आणि पट्टी ओढणारा हात दिवसाला जेवढे करू शकतात, तेवढेच ध्वज होतात. त्यावर क्रमांक नसतो आणि छापणाऱ्याची सही तर नसतेच. चित्राच्या सातव्या प्रतीत किंचित वेगळेपणा आला, तर रसिक त्याला दाद देतो. ध्वजाच्या सातव्या प्रतीत तो आला, तर ती बाजूला काढावी लागते. हातकामात माणसाची खूण दिसावी असे आपण मानतो. इथे तीच खूण दिसू नये म्हणून कसब खर्ची पडते.

यंत्राचा ध्वज

२६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेत ध्वज हातकताईच्या आणि हातविणीच्या खादीचा असावा असे होते. ३० डिसेंबर २०२१ रोजी तीत दुरुस्ती झाली. यंत्रावर बनवलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही मान्यता मिळाली. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हर घर तिरंगा’ मोहीम झाली, तेव्हा असे ध्वज देशभर पोहोचले. हुबळीच्या खादी संघाने या दुरुस्तीविरुद्ध जाहीर नाराजी व्यक्त केली.

प्रश्नाच्या दोन्ही बाजू मुलांपुढे ठेवायला हव्यात. खादीचा ध्वज महाग असतो आणि मागणीएवढा तयार होत नाही. मजुरी करणाऱ्या कुटुंबाला आपल्या घरावर ध्वज लावावासा वाटला, तर त्याला परवडेल असा ध्वज मिळाला पाहिजे, हे म्हणणे चुकीचे नाही. एकेकाळी ज्या मुलखात ध्वज लावल्याबद्दल तुरुंग मिळे, तिथे तर ते अधिकच पटते.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. ध्वज खादीचा असावा हा नियम केवळ कापडाविषयी नव्हता. चरखा ध्वजावरून गेला, तरी तो ध्वजाच्या सुतात उरला होता. ध्वज विकत घेताना आपण नकळत एखाद्या कातणाऱ्या बाईची आणि विणकराची मजुरी देत होतो. तो नियम सैल झाला की ही साखळी टिकवण्याची जबाबदारी विकत घेणाऱ्यावर येते. कोरडवाहू भागात, जिथे पेरणी आणि काढणी यांच्यामध्ये हाताला काम नसते, तिथे वर्षभराची मजुरी ही लहान गोष्ट नाही. आणि हातकौशल्य कपाटात घडी घालून ठेवता येत नाही. ते रोजच्या कामातच जगते. एका पिढीने सोडले, तर पुढच्या पिढीला ते मानकाच्या पुस्तिकेतून परत मिळवता येणार नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. पाचवी-सहावीसाठी : पुठ्ठ्यातून ‘व’, ‘क’, ‘म’, ‘ग’ ही अक्षरे कापायला सांगा. कोणत्या अक्षरांतून बेटे गळून पडतात? शिरोरेघेसह मराठी वर्णमालेतल्या अशा अक्षरांची यादी करा.

२. आठवी-नववीसाठी : कंपास आणि कोनमापक घेऊन ९०० × ६०० मापाच्या ध्वजाचे चक्र खऱ्या आकारात काढा. मग तेच २५ मिलिमीटर व्यासात काढा. दुसऱ्या कागदावर पुन्हा काढा आणि दोन्ही कागद पाठीला पाठ लावून खिडकीच्या उजेडात धरा. आरे जुळले का?

३. हस्तकलेसाठी : भरतकामाच्या लाकडी रिंगणात जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा ताणा. मेणबत्तीच्या मेणाने नको ती जागा बुजवा. मैद्याच्या खळीत जलरंग कालवा आणि पुठ्ठ्याच्या पट्टीने ओढून जुन्या कापडावर पान किंवा फूल छापा. खळ पातळ आणि घट्ट करून फरक नोंदवा. यासाठी ध्वजाचे चित्र वापरू नये. चुकलेल्या छापांचे काय करायचे असा प्रश्न उभा राहतो.

४. सर्वांसाठी : शाळेचा ध्वज हाती घेऊन त्याचे कापड भिंगातून पाहा. धागा एकसारखा आहे की जाडबारीक? चक्र दोन्ही बाजूंनी छापलेले आहे का? ध्वज कुठे तयार झाला याची खूण कुठे आढळते का?

चौथ्या प्रयोगात भिंगाखाली जाडबारीक धागा दिसला, तर तो कोणीतरी हाताने कातला आहे. ते सूत उदगीरच्या मागावर विणले गेले असेल, आणि चक्राच्या दोन्ही बाजू जुळवणारा माणूस नांदेडमध्ये आपल्या शाळेपासून एसटीच्या अंतरावर असेल. १७ सप्टेंबरच्या आधी एक दिवस काढून, त्या केंद्राची परवानगी घेऊन, मुलांना तिथे नेता आले तर अवश्य न्यावे.